बेड अकराचा धीर

देवाजी मेश्रामांचं स्ट्रेचर वॉर्ड चारमध्ये आलं तेव्हा उत्पला औषधांच्या ट्रॉलीपाशी उभी होती. स्ट्रेचर तिच्या अगदी जवळून गेलं. देवाजींनी तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क दोन बोटांनी वर केला, तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "सिस्टर, पाणी भेटेल का?"

"आणते, काका," ती म्हणाली.

देवाजी तिचे वडील होते. आई जाऊन नऊ वर्षं झाली होती, भाऊबहीण कोणी नव्हतं. घरात ही दोघंच. एकमेकांना सिस्टर आणि काका म्हणायचं हे त्यांनी आदल्या संध्याकाळी खाण कॉलनीतल्या आपल्या क्वार्टरमध्ये बसून ठरवलं होतं.

त्याला कारण होतं. उत्पलाचं नर्सिंगचं शिक्षण पूर्ण झालं होतं, पण परवाना मिळायचा होता. त्या काळात, म्हणजे २०४१ साली, परवाना नुसत्या लेखी परीक्षेवर मिळत नसे. लेखी झाली की खऱ्या वॉर्डात तीस ड्यूट्या कराव्या लागत. कोणत्या पेशंटकडे आधी गेलात, कोणाला थांबवलंत, याची त्या तीस ड्यूट्यांत मिनिटामिनिटाची नोंद होई. गेल्या वर्षी उत्पला त्यात नापास झाली होती. या वर्षीच्या सतरा ड्यूट्या झाल्या होत्या. नियम असा होता की प्रशिक्षणार्थीचा नातेवाईक तिच्याच वॉर्डात दाखल झाला तर तिची बदली करायची आणि ड्यूट्या पुन्हा पहिल्यापासून मोजायच्या. आणि खाणींच्या त्या सगळ्या पट्ट्यात फुफ्फुसांचा वॉर्ड एकच होता, हा चार नंबरचा.

"माझं कोणी नाही म्हणून सांगतो," देवाजी म्हणाले होते. "मेश्राम तं गल्लोगल्ली आहेत. कोणाले काय समजते."

"बाबा, असं नका बोलू."

"कागदावर लिहाचं आहे फक्त. कागदावर लिहिल्यानं काय होते?"

उत्पलाचा पत्ता नर्सिंग हॉस्टेलचा होता, देवाजींचा कॉलनीचा. दाखल करताना खिडकीतल्या बाईने विचारलं, सोबत कोणी? देवाजींनी मान हलवली. बाईने लिहिलं, नाही. त्यांना बेड अकरा मिळाला, खिडकीच्या कडेचा.

वॉर्डातल्या प्रत्येक पेशंटच्या छातीवर डाव्या बाजूला रुपयाएवढी पातळ चकती चिकटवलेली असे. तिला बनवणाऱ्यांनी लांबलचक नाव दिलं होतं. सिस्टर लोक तिला टिकली म्हणत. टिकलीमागचा शोध तसा साधा होता. निरोगी माणसाचं हृदय घड्याळासारखं टिकटिकत नाही. दोन ठोक्यांमधलं अंतर किंचित कमीजास्त होत राहतं, कारण श्वास, रक्तदाब, मेंदू असे सगळे त्याला सतत काहीतरी सांगत असतात. शरीर आतून खचायला लागलं की हे सांगणं मंदावतं आणि ठोके एकसारखे, शिस्तीत पडायला लागतात. ताप चढण्याच्या, रक्तदाब उतरण्याच्या कितीतरी तास आधी हे घडतं. टिकली ती अंतरं मोजायची, श्वास मोजायची, आणि प्राणवायू कमी पडलेल्या पेशींनी सोडलेलं आम्ल कातडीखाली किती साचलंय तेही तपासायची.

पण कोण किती आजारी आहे एवढंच कळून वॉर्ड चालत नाही. पाच जण आजारी असतात आणि सिस्टर एक असते. म्हणून टिकल्या जोडलेल्या संगणक यंत्रणेला लाखो पेशंटांच्या जुन्या नोंदी शिकवल्या होत्या: अशा अवस्थेत सिस्टर दहा मिनिटांत पोहोचली तर पुढे काय झालं, तासाने पोहोचली तर काय झालं. त्या फरकावरून यंत्रणा प्रत्येक बेडसाठी एक आकडा काढायची. सिस्टर इतका वेळ आली नाही तरी त्यामुळे पेशंटचं काही बिघडणार नाही, असा वेळ. त्याचं सरकारी नाव प्रतीक्षा-क्षमता. वॉर्डात सगळे त्याला धीर म्हणत.

बेड दोनचा धीर वीस मिनिटं. बेड सातचा धीर दोन तास. भिंतीवरच्या पडद्यावरची यादी सारखी हलत राही. ज्याचा धीर सर्वांत कमी, तो वर. यादीतला वरचा पेशंट सोडून सिस्टर खालच्याकडे गेली की एक विचलन. तीस ड्यूट्यांत बारा विचलनं माफ होती. तेरावं झालं की वर्ष गेलं.

आणि यंत्रणा चांगली होती, हे सांगायलाच हवं. वॉर्डात अचानक दगावणारे पेशंट चार वर्षांत निम्म्यावर आले होते. चोवीस बेडना पूर्वी चार सिस्टर लागत, आता दोन पुरत. यादी चुकली असं वॉर्ड चारमध्ये कोणी पाहिलं नव्हतं.

यादीच्या तळाला जे असत, त्यांना हे सगळं हळूहळू कळत गेलं होतं. बेड चारच्या सरस्वताबाईंनी एक युक्ती शोधली होती. त्या पलंगावरून खाली उतरत, पुन्हा चढत, असं सात-आठ वेळा करून धापा टाकत पडून राहत. पाच मिनिटांत त्यांचा बेड यादीत वर सरके आणि सिस्टर धावत येई. "काही नाही गं," त्या मग सांगत. "बस ना जरा." पुढच्या महिन्यात यंत्रणेला तेही ओळखता यायला लागलं. सरस्वताबाई चढ-उतार करून दमल्या तरी यादी हलेना. दोन दिवसांनी त्यांनी नाद सोडला.

देवाजींनी असलं काही केलं नाही. त्यांचा धीर पहिल्या दिवशी सहा तास होता. तीस वर्षं कोळशाची धूळ छातीत गेलेली; आजार जुना, सावकाश चालणारा. पुस्तकातच लिहिलेलं आहे की जुन्या दुखण्याआधी नवं दुखणं, स्थिर पेशंटआधी अस्थिर. म्हणून उत्पला ड्यूटीत दोनदा त्यांच्याकडे जाई, औषधाच्या वेळेला. पाठीमागची उशी सारखी करताना त्यांच्या खांद्यावर हात ठेवी, तेवढंच.

"तुम्ही जेवल्या का, सिस्टर?" ते विचारत.

"जेवले, काका."

"डोळे लाल दिसतात तुमचे."

"झोप कमी झाली."

बाजूच्या बेडवरचा माणूस ऐकत असे. कपाळाला हात लावून ताप पाहावा असं तिला वाटे, पण ताप टिकली सांगायची. घरी ते तिला 'तू'च म्हणत, आणि आता हे 'तुम्ही' तिला दिवसभर कुठेतरी खुपत राही. ड्यूटी नसताना वॉर्डात शिरलं तर दारावर नोंद होई, त्यामुळे तिला तसं जाताही येत नव्हतं. संध्याकाळी ती हॉस्टेलच्या गच्चीवरून त्यांना फोन लावी. मास्क काढून दोन वाक्यांपलीकडे बोलणं त्यांना जमत नसे. मग ती फोन कानाला लावून नुसती उभी राही, आणि पलीकडून ऑक्सिजनचा फुसफुस आवाज ऐकू येई. कधी दहा मिनिटं, कधी वीस.

"ठेव आता," ते शेवटी म्हणत. "अभ्यास कर."

आठवड्यातून दोनदा दुपारी शिकवणीचा तास असे. शिकवायला वैरागडे मॅडम होत्या. वय पंचावन्न, यंत्रणेच्या आधीची पंचवीस वर्षं त्यांनी वॉर्डात काढली होती. गेल्या वर्षी उत्पला नापास झाली तेव्हा त्यांनी तिला एकच वाक्य सांगितलं होतं: "तुला पेशंट दिसतो, वॉर्ड दिसत नाही." उत्पला ते विसरली नव्हती. जो बोलायला लागेल त्याच्यापाशी ती थांबायची, हे खरंच होतं.

"चार पेशंट," मॅडम तासाला म्हणायच्या. "पहिला, ऑपरेशनचा दुसरा दिवस, दुखतंय म्हणून ओरडतोय. दुसरी दम्याची मुलगी, सकाळपासून छातीतून शिट्टी वाजत होती, आता एकदम शांत. तिसरे आजोबा, डायबेटिस, जेवणाचं ताट आलंय पण इन्शुलिन द्यायचं राहिलंय. चौथी बाई, गोंधळलेली, पलंगाच्या कठड्यावरून पाय टाकतेय. कोणाकडे जाल?"

"दम्याची मुलगी," उत्पला म्हणाली. "शिट्टी वाजायलासुद्धा आत हवा लागते. शांत झाली म्हणजे हवाच जात नाही."

"आणि कठड्यावरची बाई?"

"जाता जाता मदतनीसाला तिच्याकडे पाठवीन."

"बरोबर. ओरडतो तो श्वास घेतोय, हे लक्षात ठेवा."

मॅडम कौतुक करत नसत. त्या दिवशी त्यांनी मान हलवली आणि उत्पलाला ती संध्याकाळ हलकी गेली. आणखी एक गोष्ट होती. देवाजींचा धीर वाढत होता. सहा तासांचे साडेसात झाले, मग नऊ, आठव्या दिवशी चौदा. ड्यूटीवर येताच ती आधी यादीच्या तळाकडे पाही. आकडा वाढलेला दिसला की तिला बरं वाटे. एका दुपारी औषध देताना तिने त्यांना हळूच सांगितलंही.

"काका, तुमचा धीर चौदा तास झालाय."

"म्हणजे चांगलं का?"

"चांगलंच की."

"मंग घरी सोडतील?" त्यांनी विचारलं, आणि लगेच स्वतःच म्हणाले, "नाही, घाई नाही. तुमच्या ड्यूट्या होऊ द्या."

त्याच आठवड्याच्या तासाला मॅडमनी शेवटी एक प्रश्न टाकला. "वॉर्डात सगळ्यांत जास्त थांबू शकतो असा पेशंट कोण?"

"जो बरा होत आलाय तो," मागून कोणीतरी म्हणालं.

"एक तो. दुसरा?"

सगळे वह्या चाळू लागले.

"धीर म्हणजे काय ते नीट आठवा," मॅडम म्हणाल्या. "सिस्टर आली नाही तर फरक पडणार नाही, असा वेळ. बरा होणाऱ्याला फरक पडत नाही. आणि ज्याला आता कशानेच फरक पडणार नाही, त्यालाही पडत नाही. आकडा दोघांचा वाढतो. नुसत्या आकड्यावरून दोघं सारखेच दिसतात. म्हणून फाइल वाचत जा."

उत्पलाने वहीत लिहिलं, फाइल वाचत जा. मग पेन तसंच हातात राहिलं.

दुसऱ्या दिवशी ड्यूटी सुरू होताच तिने बेड अकराची फाइल उघडली. दाखल झाल्याच्या तिसऱ्या दिवसाचा कागद होता. डॉक्टरांनी पेशंटला समजावून सांगितलं होतं की फुफ्फुसं फार उरलेली नाहीत. व्हेंटिलेटर लावला तर काही आठवडे मिळतील, पण तो निघणार नाही. पेशंटने व्हेंटिलेटर नाकारला होता. खाली देवाजींची वळणदार सही होती. नातेवाईकाच्या सहीच्या रकान्यात आडवी रेघ होती, आणि रेघेवर लिहिलं होतं, कोणी नाही.

तिच्याशी बोलून ठरवायची ती गोष्ट होती. पण ती तिथे नव्हतीच. तसंच तर त्या दोघांनी ठरवलं होतं. ती वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला यादीतल्या वरच्या बेडवर सलाइन बदलत होती, तेव्हाच कधीतरी हा कागद झाला असणार.

ती अकरापाशी गेली. तिथे जायची वेळ नव्हती. मनगटावरच्या यंत्रणेच्या पट्टीने हलका झटका दिला: दहावं विचलन.

"सही का केली?" तिने विचारलं.

देवाजींनी आधी बाजूच्या बेडकडे पाहिलं. तो माणूस झोपला होता. "तुले सांगितलं असतं तं तू इथंच बसली असती," ते म्हणाले. "आता जा. तो आकडा वाढते ना तुझा."

"बाबा."

"सिस्टर, जा."

त्यानंतरच्या दोन दिवसांत आणखी एक विचलन झालं, तेही बेड अकराचंच. विचलनं अकरा झाली, ड्यूट्या दोन उरल्या.

एकोणतिसावी ड्यूटी दुपारची होती, दोन ते नऊ. सोबत तोडसाम सिस्टर होत्या, तीस वर्षांची नोकरी झालेल्या, कमी बोलणाऱ्या. उत्पला आली तेव्हा बेड अकराच्या पुढे आकडा नव्हता. नुसती दोन टिंबं होती. यंत्रणा चोवीस तासांच्या वरचा धीर दाखवत नसे.

तीनच्या सुमारास तिने औषधाच्या निमित्ताने त्यांना पाहिलं. ओठ निळसर झाले होते. श्वास चार-पाच वेळा भराभर चाले, मग थांबे, मग पुन्हा सुरू होई. तिने उशी उंच केली, आणि तेवढ्यात मनगटावर जोराचा झटका बसला. बेड दोन, धीर नऊ मिनिटं. देवाजींनी डोळे उघडले आणि पांघरुणावरून हात थोडा उचलला.

"बसता का थोडं, सिस्टर?" ते म्हणाले. बारा दिवसांत त्यांनी हे पहिल्यांदाच मागितलं होतं.

"येते, काका," उत्पला म्हणाली आणि दोनकडे धावली.

बेड दोनवर रुबीना होती, सव्वीस वर्षांची. फुफ्फुसाभोवती साचलेली हवा काढायला तिच्या बरगड्यांमधून नळी घातलेली होती. नळीचं दुसरं टोक खाली पाण्याच्या बाटलीत, आणि बाटलीत बुडबुडे यायला हवे होते. ते थांबले होते. रुबीना ओरडत नव्हती. नाकपुड्या फुलवून नुसती समोर बघत होती. उत्पलाने नळीवरून हात फिरवत नेला. पलंगाचा कठडा वर करताना नळी त्यात चिमटली गेली होती. तिने कठडा खाली घेतला, नळी मोकळी केली, रुबीनाला उठवून बसतं केलं, ऑक्सिजन वाढवला आणि डॉक्टरांना बोलावलं. बाटलीत एकदम बुडबुड्यांची गर्दी उसळली. डॉक्टर येऊन, तपासून, जाईपर्यंत पंचवीस मिनिटं गेली. रुबीनाने तिची बाही धरून ठेवली होती. ती हळूच सोडवावी लागली. यादी आजही चुकली नव्हती.

तीन चाळीसला ती पडद्यासमोर उभी राहिली. सात नंबरला वाफेचं औषध द्यायचं होतं, धीर दोन तास दहा मिनिटं. तीन नंबरची कूस बदलायची होती, धीर एक तास पन्नास. दोघंही अकराच्या वर होते. दोघांनाही वेळ होता. तिने स्वतःला पुन्हा विचारलं, खरंच वेळ आहे का? सातकडे जाऊन पाहिलं, तीनकडे जाऊन पाहिलं. होता.

"सिस्टर," ती तोडसाम सिस्टरना म्हणाली, "सात आणि तीन मी साडेचारला करते. मी अकराजवळ आहे."

तोडसाम सिस्टरनी एकदा तिच्याकडे आणि एकदा अकराकडे पाहिलं. "जा," त्या म्हणाल्या. "इकडचं मी बघते."

तिने अकराचा पडदा ओढून घेतला. डोक्याकडची बाजू आणखी उंच केली आणि त्यांचे हात समोरच्या टेबलावरच्या उशीवर टेकवले, म्हणजे छातीला जागा होते. छोटा पंखा त्यांच्या गालाकडे वळवला; चेहऱ्यावर वारा लागला की श्वासाची तडफड कमी होते, हे पुस्तकात होतं. कापसाने ओठ ओले केले. मग ती त्यांच्याबरोबर श्वास घेऊ लागली, मोठ्याने, सावकाश सोडत, त्यांचा श्वास तिच्या मागोमाग यावा म्हणून. हळूहळू तो आला. कपाळावरच्या आठ्या सैल झाल्या.

"उत्पला," ते म्हणाले.

"हो, बाबा."

"वर आले का सगळे?"

खाणीत ते दिवाखोलीत कामाला होते. खाली उतरणारा प्रत्येक माणूस त्यांच्याकडून टोपीचा दिवा घेई आणि नावाचा बिल्ला खिळ्याला लावून जाई. पाळी सुटली की दिवे काळ्या धुळीने माखून परत येत, बिल्ले उतरत. शेवटचा बिल्ला उतरेपर्यंत देवाजी घरी येत नसत. लहानपणी त्यांच्यासाठी जेवायचं थांबून उत्पला कितीदा तशीच झोपी गेली होती.

"आले, बाबा. सगळे आले."

"मंग ठीक आहे," ते म्हणाले.

त्यानंतर ते बोलले नाहीत. तिने त्यांचा हात धरून ठेवला. श्वासांमधलं अंतर वाढत गेलं. चार बावीसला पुढचा श्वास आलाच नाही. तिने पूर्ण दोन मिनिटं वाट पाहिली, मानेवर बोटं ठेवून. टिकलीचा हिरवा ठिपका विझला.

साडेचारला तिने सात नंबरला वाफेचं औषध दिलं. चार चाळीसला तीन नंबरची कूस बदलली. मग परत येऊन तोडसाम सिस्टरबरोबर वडिलांचं अंग पुसलं, हनुवटी बांधली. नऊ वाजता ड्यूटी संपवून ती शवागाराच्या खिडकीपाशी गेली. तिथल्या माणसाने विचारलं, नातं काय? ती म्हणाली, "मुलगी."

कॉलनीतले लोक आले. विहारातल्या भन्तेजींनी वंदना घेतली. तिसऱ्या दिवशी सगळे आपापल्या कामाला लागले आणि उत्पला तिसावी ड्यूटी करून आली. ती कशी केली ते तिला नंतर आठवेना.

आठवड्याने वैरागडे मॅडमनी तिला खोलीत बोलावलं. त्यांच्यापुढे तिचा अहवाल उघडा होता.

"अकरा विचलनं," त्या म्हणाल्या. "पास आहेस."

उत्पलाला कळेना. "अकरा कशी? त्या दिवशी मी सात आणि तीनला थांबवून बेचाळीस मिनिटं अकरापाशी बसले होते. त्याची दोन होतात."

मॅडमनी संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. तीन चाळीस ते चार बावीस, या वेळेपुढे एकच शब्द होता: विश्रांती.

"ज्याचा धीर मोजण्यापलीकडे गेलाय, त्याच्याजवळ घालवलेला वेळ यंत्रणा कामात धरत नाही," मॅडम म्हणाल्या. "ड्यूटीत पंचेचाळीस मिनिटांची विश्रांती मिळते. तू बेचाळीस घेतलीस असं तिला दिसलं."

उत्पलाने बेड अकराची नोंद उघडायला सांगितली. तिथे लिहिलं होतं: परिचारिकेची शेवटची भेट, दुपारी ३.०५. मृत्यू, ४.२२. उपस्थित: कोणी नाही.

"हे दुरुस्त करायचं आहे, मॅडम," ती म्हणाली.

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "दार लाव."

उत्पलाने दार लावलं.

"शवागाराच्या रजिस्टरमध्ये तू काय लिहिलंस ते मला कळलंय. मी विचारणार नाही. पत्ते वेगळे आहेत, नाव सगळ्यांचंच आहे. पण दुरुस्तीचा अर्ज केलास की चौकशी बसेल, ते निघेल. आणि ती बेचाळीस मिनिटं काम म्हणून धरली की तेरा होतात. वर्ष जाईल."

"माहीत आहे."

"मग एक सांग. तिथे मुलगी म्हणून बसली होतीस की सिस्टर म्हणून?"

खोटं बोलायचं उत्पलाला आता नको होतं.

"दोन्ही," ती म्हणाली. "पण डोकं उंच केलं, पंखा वळवला, ओठ ओले केले, श्वासाला साथ दिली. त्यांची तडफड थांबली. हे मी दुसऱ्या कोणासाठीही केलं असतं. ती विश्रांती नव्हती, मॅडम."

मॅडमनी पडद्यावरची नोंद पुन्हा वाचली.

"आणि त्यात लिहिलंय की कोणी नव्हतं," उत्पला म्हणाली. "दाखल करतानाही तेच लिहिलं, सहीच्या वेळीही तेच. ते दोन्ही माझ्यामुळे झालं. हे तिसरं तरी नको."

मॅडम उठून खिडकीशी गेल्या. "यंत्रणा नोंदींवरूनच शिकते," त्या पाठमोऱ्या म्हणाल्या. "अशा पेशंटजवळ कोणी बसलं तर काय होतं, हे तिला कधी दिसलेलंच नाही. जी बसली तिची विश्रांती झाली. म्हणून तिला वाटतं, फरक पडत नाही." मग त्या वळल्या. "मीही अशा खूप विश्रांत्या घेतल्या आहेत. कधी दुरुस्त करून घेतल्या नाहीत."

त्या टेबलाशी परत आल्या आणि दुरुस्तीचा अर्ज उघडला. 'केलेली सेवा' या रकान्यासमोर त्यांनी बोटं ठेवली.

"सांग," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासून. पंखा किती वेळ?"

चौकशी दोन महिने चालली. नातं लपवल्याबद्दल उत्पलाला लेखी ताकीद मिळाली. विचलनं तेरा धरली गेली आणि निकालात ती नापास ठरली; परवान्यासाठी पुढच्या वर्षी तिसऱ्यांदा बसायचं होतं. हॉस्टेलची खोली सोडून ती कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये राहायला आली. दिवसा शेजारच्या गावातल्या दवाखान्यात मदतनीस म्हणून जाई, संध्याकाळी परत येई. पहिले काही दिवस फोन करायची वेळ झाली की ती गच्चीच्या सवयीने अंगणात जाऊन उभी राही. मग तेही कमी झालं. एकटीचा स्वयंपाक करायची सवय मात्र लवकर लागेना; भात रोज उरे.

दिवाळी होऊन गेल्यावर एका गुरुवारी ती घरी आली तेव्हा फोनवर पत्र आलेलं होतं. ती दारातच उभी राहून वाचू लागली. दुरुस्ती मंजूर झाली होती. बाकी मजकूर नियमांच्या भाषेत होता, शेवटी नवी नोंद दिली होती. तिने चपला काढल्या, दिवा लावला, आणि ती नोंद एकदा मोठ्याने वाचली. ड्यूटी संपताना जाणारी सिस्टर येणाऱ्या सिस्टरला एकेका बेडचं सगळं सांगते, त्याला वॉर्डात ओव्हर देणं म्हणतात. तशीच, सावकाश, न अडखळता.

"बेड अकरा. देवाजी मेश्राम, वय सदुसष्ट. दुपारी तीन चाळीस ते चार बावीस, परिचारिका उपस्थित. डोक्याची बाजू उंच केली. पंखा दिला. तोंडाची काळजी घेतली. पेशंट शांत होता. चार बावीसला मृत्यू. मुलगी जवळ होती."

घरात ओव्हर घेणारं कोणी नव्हतं. सगळं सांगून झालं आहे ना, काही राहिलं नाही ना, हे मनाशी एकदा पाहून तिने फोन खाली ठेवला आणि भात लावायला आत गेली.